एका सेकंदाचा हट्ट

आज सुट्टी, म्हणून पुन्हा एकदा २०१३ ची ऑबर्न-अलाबामा अमेरिकन कॉलेज फुटबॉल मॅच लावली. २८-२८. वेळ संपलेली, पण अलाबामाचे कोच निक सेबन हटून बसले आणि रिव्ह्यूत एक सेकंद परत मिळवला. त्याच सेकंदाने घात केला! अलाबामाची गोलसाठी मारलेली ५७ यार्डांची किक तोकडी पडली, गोलपोस्टखाली टपून बसलेल्या ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने चेंडू झेलला आणि जो सुटला तो थेट पार दुसऱ्या टोकाला. ३४-२८, ऑबर्न जिंकलं. किकसाठी उतरलेले अलाबामाचे धिप्पाड गडी त्याच्यामागे धापा टाकत धावतात, ते मी दरवेळी मागे नेऊन बघतो. (दुष्टपणा आहे, मान्य.) बायको म्हणाली, "निकाल बदलणारे का आज?" तिला काय सांगणार! तुम्ही बघाल तर रॉड ब्रॅम्ब्लेट यांची रेडिओ कॉमेंट्री लावूनच बघा.