महाडीबीटीचा फॉर्म भरण्याआधी

कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या अर्जांच्या पोर्टलवर, लॉगिन करण्याआधी बँक खातं तपासा. सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी आधार क्रमांकाशी नोंद, झालेलं असणं वेगळं. पैसे सीडिंग झालेल्या खात्यातच येतात, आणि दोन-तीन खाती असतील तर शेवटी सीड केलेल्या. आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा, तिथे बँकेचं नाव आणि 'अॅक्टिव्ह' दिसलं पाहिजे. नसेल तर शाखेत जाऊन संमतीचा फॉर्म द्या.

दुसरं, उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदारांचाच लागतो, आईवडिलांची सॅलरी स्लिप चालत नाही. राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेला मर्यादा ८ लाखांची आहे. निकालानंतर सेतू केंद्रात झुंबड उडते, म्हणून मे महिन्यातच अर्ज टाका. दाखल्यावरची मुदतही वाचा.

नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवर आणि आधारवर एकच हवं. 'Shinde'ऐवजी 'Shende' अशी एका अक्षराची चूकही भोवते, आणि आधार दुरुस्तीला वेळ लागतो. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. अर्ज परत आला तर कॉलेजचा शेरा वाचून तेवढंच दुरुस्त करा, मुदतीच्या आत.