ट्रिगर लावले, तरी ३७ ओळी जास्तच

ऑर्डरमधल्या वस्तूंचं एक टेबल आणि रिपोर्टसाठी त्याची प्रत, ही दोन्ही कायम जुळती ठेवायची होती. डेटाबेस मायएसक्यूएल ८. ट्रिगर म्हणजे टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड; इन्सर्ट, अपडेट, डिलीट असे तीन आफ्टर ट्रिगर, म्हणजे बदल झाल्यावर चालणारे, लिहिले. तासाभरात काम संपलं आणि मी खूश.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे काउंट मारला, तर प्रतीत ३७ ओळी जास्त. डिलीटचा ट्रिगर चालत नाही म्हणावं, तर समोर बसून एक ओळ डिलीट केली की प्रतीतूनही लगेच गायब! दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा गायब. ट्रिगर पाडून पुन्हा बनवला. परवानग्या तपासल्या. कोणी ट्रंकेट, म्हणजे अख्खं टेबल एका झटक्यात रिकामं, तर मारत नाही ना, तेही पाहिलं, कारण ट्रंकेटने डिलीटचा ट्रिगर चालत नाही. एरर लॉग कोरा. एरर आली असती तर निदान शिव्या घालायला काहीतरी मिळालं असतं. अडीच दिवस यात गेले.

शेवटी लेफ्ट जॉइन लावून, म्हणजे प्रतीतली प्रत्येक ओळ मूळ टेबलाशी ताडून, त्या जास्तीच्या ओळीच समोर घेतल्या. सगळ्या मिळून ९ ऑर्डरींच्या, आणि प्रत्येक ऑर्डर अख्खी. तेव्हा ट्यूब पेटली. ओळी कोणी डिलीट करतच नव्हतं! वरच्या टेबलातली ऑर्डर डिलीट व्हायची आणि फॉरेन कीवरच्या (वस्तूंच्या ओळी ऑर्डरीशी बांधणारा दुवा) ऑन डिलीट कॅस्केडने तिच्या खालच्या वस्तूंच्या ओळी आपोआप जायच्या. कॅस्केडने गेलेल्या ओळींसाठी मायएसक्यूएल ट्रिगर चालवत नाही. मॅन्युअलमध्ये हे सरळ लिहिलंय. मी ते वाचून 'आपल्याला काय त्याचं' म्हणत पुढे गेलो होतो.

उपाय दहा मिनिटांचा निघाला. प्रतीवरूनही मूळ टेबलाला फॉरेन की दिली, ऑन डिलीट कॅस्केडसकट, आणि डिलीटचा ट्रिगर काढून टाकला. आधी त्या अनाथ ओळी साफ करा, नाहीतर की लागणारच नाही.

हो, आणि ट्रिगर आधीपासूनच्या ओळींना हात लावत नाहीत. पहिली भरणी इन्सर्ट-सिलेक्टने, म्हणजे मूळ टेबलातून ओळी वाचून प्रतीत टाकणाऱ्या क्वेरीने, आपणच करायची. उलट दिशेनेही ट्रिगर लावायचा मोह मला झाला होता. दोघं एकमेकांना अपडेट करायला गेले की १४४२ एरर येते, म्हणजे ज्या टेबलावरून ट्रिगर सुरू झाला तेच टेबल बदलू देत नाही.

लेफ्ट जॉइनची ती क्वेरी आता रोज रात्री दोन्ही बाजूंनी चालते. नुसत्या काउंटवर माझा विश्वास नाही. एक ओळ जास्त आणि एक कमी असली तरी तो जुळतोच.