कोणतं सिम्युलेटर शिकू? तुम्ही विचारलंत म्हणून

"सर, अ‍ॅस्पेन शिकू की डीडब्ल्यूसिम?" केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं हे हमखास विचारतात. दोन्ही सिम्युलेटर, म्हणजे कारखान्यातली प्रक्रिया आधी संगणकावर चालवून बघायची सॉफ्टवेअरं. साखर कारखान्यातली मंडळी विचारतात, "कोणतं घ्यावं, आन् केवढ्याला पडंल?" उत्तराआधी मी दोघांनाही माझी फजिती ऐकवतो.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. धाराशिवकडच्या एका कारखान्याच्या डिस्टिलरीत कॉलमला, म्हणजे अल्कोहोल आणि पाणी उकळून वेगळं करणाऱ्या उंच मनोऱ्याला, लागणारी वाफ कमी करायचं काम आमच्याकडे आलं होतं. लॅपटॉपवर कंपनीचं महागडं लायसन्स. इथेनॉल, पाणी, चाळीस प्लेटा (मनोऱ्यातले थर), रिफ्लक्स (वरून परत आत सोडायचा द्रव) भरला, रन दाबलं. दोन सेकंदांत गणित जुळलं आणि वरून 99.7 टक्के इथेनॉल निघालं. मी प्रिंट घेऊन थेट कंट्रोल रूममध्ये. पाळीवरचे काका तंबाखू मळत होते. आकडा बघून म्हणाले, "साहेब, कॉलमातूनच एवढं निघतंय, तर मंग हे मॉलिक्युलर सिव्ह कशाला बशिवलंय आमी?"

मॉलिक्युलर सिव्ह म्हणजे कॉलमनंतर उरलेलं पाणी शोषून घेणारं यंत्र. साध्या दाबाला इथेनॉल-पाण्याचं मिश्रण वजनाने 95.6 टक्क्यांवर अडतं. तिथे द्रव आणि वाफ एकाच प्रमाणाची होते, 78.2 अंशांना सगळं एकसारखं उकळतं, मग प्लेटा कितीही वाढवा. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण सॉफ्टवेअरमध्ये 'आयडियल' मॉडेल होतं ते मी तसंच ठेवलं. आयडियल म्हणजे रेणूला शेजारी कोणीही चालतो असं धरणं. इथेनॉल आणि पाण्याला तसं चालत नाही. त्यासाठी एनआरटीएलसारखं मॉडेल लावावं लागतं. ते 1968 सालचं आहे आणि आज फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही मिळतं. म्हणजे लाखांच्या लायसन्सवर मी जी चूक केली, ती फुकटात टाळता आली असती.

म्हणून आधी तुमच्या टाकीत काय आहे ते सांगा, सॉफ्टवेअरचं नंतर बघू. हायड्रोकार्बन (तेल-वायू) असेल तर पेंग-रॉबिन्सन नावाचं मॉडेल, अल्कोहोल-पाणी असेल तर एनआरटीएल, आम्ल-क्षार असेल तर इलेक्ट्रोलाइटचं मॉडेल. ज्यात ते नीट आहे आणि ज्यातले आकडे उघडून बघता येतात, ते तुमचं.

सॉफ्टवेअरचं मूळ गावही बघावं. अ‍ॅस्पेन 1976 च्या सुमारास एमआयटीत सुरू झालं, तेलटंचाईच्या काळात कोळशापासून इंधन करायचं डोक्यात ठेवून, म्हणून घन पदार्थ त्याला आधीपासून जमतात. हायसिस हे दुसरं सिम्युलेटर कॅनडातल्या कॅलगरीचं, तेल-वायूच्या मुलखातलं. ते 2002 मध्ये अ‍ॅस्पेनच्याच कंपनीने, अ‍ॅस्पेनटेकने घेतलं, मक्तेदारी होईल म्हणून अमेरिकी सरकारने वाटणी करायला लावली, आणि हनीवेल कंपनीच्या वाट्याला आलेलं युनिसिम झालं. त्यामुळे हायसिस आणि युनिसिम सख्ख्या भावांसारखे दिसतात. एक आलं की दुसरं आठवड्यात येतं.

वाळूजच्या औषध कंपन्यांत जाणार असाल तर गोष्टच वेगळी. तिथे बॅच चालते: चार्ज करा, तापवा, थांबा, सेंट्रिफ्यूजला सोडा. चोवीस तास एकसारखा प्रवाह धरणारं सिम्युलेटर तिथे फारसं कामाचं नाही. आधी एक्सेलमध्ये सायकल टाइम, म्हणजे एका बॅचला लागणारा वेळ, मांडा.

विद्यार्थ्यांना मी डीडब्ल्यूसिमच सांगतो. फुकट आहे, लिनक्सवरही चालतं, आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात एखाद्या प्रक्रियेची फ्लोशीट (टप्प्याटप्प्याचा आराखडा) त्यात करून दिली तर प्रमाणपत्र आणि मानधन मिळतं. हॉस्टेलवर पेन ड्राइव्हमधून फिरणारं क्रॅक केलेलं अ‍ॅस्पेन नको. चोरीचं आहे हे तर झालंच, पण मुलाखतीत "लायसन्स कुठलं?" असं विचारलं की पोरगं खाली बघतं. कारखानदारांनी मात्र आधी आपल्या सल्लागाराला आणि यंत्रं देणाऱ्याला विचारावं, ते फाइल कशात पाठवतात. त्यांची फाइल तुमच्याकडे उघडलीच नाही तर लायसन्स शोभेला.

काकांकडे मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मॉडेल बदललं होतं, आकडा खाली आला होता. त्यांनी कागद बघून मान डोलावली. मग बोट कागदावरच्या कंडेन्सरवर, म्हणजे वाफ पाण्याने गार करणाऱ्या भागावर, ठेवलं.

"पाणी किती अंशाचं धरलंय?"

"वीस." यादीत तयार होतं, तेच घेतलं होतं.

मे महिना होता. काका काही बोलले नाहीत. मला कूलिंग टॉवरपाशी घेऊन गेले आणि माझा पंजा धरून कंडेन्सरकडे जाणाऱ्या पायपावर ठेवला.