सोनाराच्या काट्यावरची रॅकेट

आमच्या दुकानाची ओळख म्हणजे गटिंग, म्हणजे रॅकेटला तार ओढून देणं. टिळक रोडच्या एका बोळातल्या गाळ्यात बाबांनी मशीन बसवलं, आणि शाळा सुटली की बॅडमिंटनची पोरं दप्तरासकट दारात उभी राहायची. पुण्यात पॅडलची, म्हणजे टेनिससारख्याच पण काचेच्या भिंतींत खेळायच्या खेळाची, कोर्टं दिसू लागली तेव्हा मी हौसेनं पहिली रॅकेट आणून बाबांच्या हातात दिली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "अरे, हिला तारच नाही. मग आपण करायचं काय?"

प्रश्न बरोबर होता. फोमवर कार्बन चढवलेली, भोकं पाडलेली फळी ती. तडा गेला की विषय संपला. दुरुस्तीवर चालणाऱ्या दुकानाला हा माल परवडणारच नव्हता. तरी मागवला, आणि मागवल्या त्या बहुतेक हिऱ्याच्या आकाराच्या, जड रॅकेट. कारण येणारा जो तो बॅडमिंटनचा, आणि मागणी एकच: "मारणारी द्या."

बॅडमिंटनवाल्याला 'हेड हेवी', म्हणजे डोक्याकडे जड, हा शब्द पाठ असतो, पण त्याची रॅकेट भरते ८०-८५ ग्रॅम. पॅडलची साधारण ३६० ते ३७५, म्हणजे टेनिसच्या बऱ्याच रॅकेटपेक्षाही जास्त. आखूड असल्यामुळे दुकानात उचलताना ते जाणवत नाही. तिसऱ्या सेटला जाणवतं.

मारायची हौस चुकीची नाही. कोर्ट अवघं २० बाय १० मीटर. स्मॅश नीट बसला, की चेंडू टप्पा घेऊन मागच्या काचेवर आपटतो आणि नेटवरून थेट आपल्याच बाजूला येतो. समोरचे नुसते बघत राहतात. त्यासाठी वजन डोक्याकडे असलेली हिरा रॅकेट आणि कडक फोम कामाला येतो. पण तिचा स्वीट स्पॉट, म्हणजे चेंडू नेमका बसायची जागा, लहान, तोही वरच्या अंगाला. काचेवरून आलेला चेंडू उचलताना जरा खाली लागला, की कोपरापर्यंत झिणझिण्या.

हे मला एका काकांनी शिकवलं. रोज सकाळी खेळणारे, पन्नाशीचे. मी त्यांना ३७५ ची हिरा दिली होती, चांगली कौतुक करून. दीड महिन्यानं कोपराला पट्टा बांधून आले, रॅकेट काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "ही तुम्हालाच असू दे." मी निम्मे पैसे पुढे केले. बाबांनी काही न बोलता गल्ल्यातून उरलेले काढून दिले.

त्या दिवशी शेजारच्या सोनाराकडून काटा मागून आणला. रॅकेटवर छापलेलं ३६५. कडेची पट्टी आणि मुठीवर गुंडाळायच्या दोन ओव्हरग्रिप चढवल्यावर भरली ३८८! मग लाकडी फूटपट्टीच्या धारेवर एकेक आडवी ठेवून तोल पाहिला. एकाच वजनाच्या दोन रॅकेटींत तोलाचा बिंदू सेंटिमीटरभर सरकलेला. मनगटाला हा सेंटिमीटर दहा ग्रॅमपेक्षा जास्त जड पडतो. इतके दिवस मी नुसता छापील आकडा विकत होतो.

आता दुकानात तीन-चार वापरलेल्या रॅकेट असतात. अनामत ठेवा, घेऊन जा, पूर्ण मॅच खेळून या. भाडं पुढच्या खरेदीतून वजा. गटिंगची बुडालेली कमाई यातून थोडी भरून निघते, सगळी नाही.

मारणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी विचारतो, कुठल्या बाजूला उभे राहता? उजव्या हाताचा खेळाडू डावीकडे असेल तर मधले उंच चेंडू त्याच्याच फोरहँडला येतात, त्याला जड रॅकेट शोभते. बाकीच्यांना थेंबाच्या आकाराची, हिरा आणि गोल यांच्या मधली, दाखवतो. नाक मुरडलं की अगुस्तीन तापियाचं नाव काढतो. जगात पहिल्या नंबरवर पोचलेला हा अर्जेंटिनाचा खेळाडू, स्मॅश बघावा तर त्याचा, आणि त्याच्या नावाची गाजलेली रॅकेट थेंबाची आहे. (एप्रिलमध्ये डिकीत रॅकेट ठेवून "फोम मऊ पडला" म्हणत येणाऱ्यांशी मात्र मी वाद घालतो.)

गेल्या आठवड्यात ते काका पुन्हा आले. बाबांनी स्वतः उठून ३५५ ची गोल रॅकेट काट्यावर ठेवली, चष्मा वर केला आणि एक ओव्हरग्रिप सोडवून काढला.

"आता बघा," म्हणाले.