तुम्ही विचारलंत म्हणून: सीआयची यामल कशी लिहायची?

ओपन सोर्समध्ये नव्याने आलेली मुलं-मुली हा प्रश्न हमखास विचारतात. सीआय म्हणजे कोड बदलला की बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारी सेवा, आणि यामल म्हणजे तिला काय चालवायचं ते सांगणारी सेटिंग्जची फाइल. माझं उत्तर ठरलेलं आहे: यामलमध्ये जेवढं कमी लिहाल तेवढं बरं. बिल्ड आणि टेस्टच्या पायऱ्या रेपोतल्या (प्रोजेक्टच्या कोडसाठ्यातल्या) शेल स्क्रिप्टमध्ये लिहा आणि यामलला फक्त ती स्क्रिप्ट चालवू द्या.

सेवा येतात आणि जातात. एके काळी ओपन सोर्सचा सीआय म्हटलं की ट्रॅव्हिस ही सेवा, असंच समीकरण होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या मोफत वापरावर मर्यादा आल्या, २०२१ मध्ये ओपन सोर्ससाठीची जुनी साइट बंद झाली आणि प्रोजेक्ट्स धडाधड गिटहबच्या स्वतःच्या सीआय सेवेवर, म्हणजे गिटहब अ‍ॅक्शन्सवर गेले. सगळं यामलमध्ये कोंबलेलं असेल, तर अशा वेळी पहिल्यापासून लिहावं लागतं.

पण मला त्याहून मोठी काळजी पॅच पाठवणाऱ्याची वाटते. सीआय लाल झाला, म्हणजे टेस्ट पडली, आणि तो घरी चालवून बघता येत नसेल, तर बिचारा अंदाजाने कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) ढकलत बसतो आणि दमून निघून जातो. बिटकॉइन कोअर या ओपन सोर्स प्रोजेक्टची मांडणी यासाठी जरूर बघा. तिथे 'सीआय' फोल्डरमध्ये प्रत्येक जॉबची (सीआयच्या एकेका कामाची) एक छोटी फाइल असते, तीत त्या जॉबची सेटिंग्ज. चालवणारी स्क्रिप्ट सगळ्यांना एकच. फाइलचं नाव दिलं की तोच जॉब तुमच्या लॅपटॉपवर कंटेनरमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या वातावरणात) चालतो.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला बॅश या शेलचा 'पाइपफेल' हा पर्याय मात्र लावाच; त्याने पाइपने जोडलेल्या कमांडपैकी एक जरी पडली तरी सगळी ओळ पडलेली धरली जाते. टेस्टचं आउटपुट पाइपने 'टी' (tee) या पडद्यावर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे लिहिणाऱ्या कमांडला देऊन लॉग ठेवायची पद्धत आहे. अशा वेळी बॅश शेवटच्या कमांडचा, म्हणजे 'टी'चा एक्झिट कोड (यश की अपयश ते सांगणारा आकडा) धरतं. टेस्ट पडली तरी बिल्ड हिरवा! गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये लिनक्सवर शेल न सांगता पायरी लिहिली तर पाइपफेल नसतं. 'शेल: बॅश' असं स्पष्ट लिहिलं तर असतं. हे माहीत नसलेले अनुभवी लोकही मी पाहिलेत.

हीच स्क्रिप्ट 'गिट बायसेक्ट रन'ला दिली की बग कुठल्या कमिटमध्ये शिरला ते गिट आपणहून शोधतं. फक्त तिची प्रत रेपोबाहेर ठेवा, कारण जुन्या कमिटवर गेल्यावर स्क्रिप्टही जुनी होते. आणि बिल्डच होत नसेल तिथे १२५ हा कोड परत करा, म्हणजे गिट तो कमिट वगळून पुढे जाईल.