शेनझेनमधले गाववाले

चौथ्या दिवशी न राहवून टॅक्सीवाल्याला विचारलं, "तुम्ही स्वतः कुठे जेवता?" म्हणजे मी मोबाइलशी मराठीत बोललो आणि मोबाइल त्याच्याशी चिनीत. एलईडीचे सुटे भाग बघायला चीनमधल्या शेनझेनला, हुआचियांगबेईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात आलो होतो आणि हॉटेलच्या फिक्या नाश्त्याला विटलो होतो. गडी हसला, मीटर बंद केला आणि मला शिश्याला घेऊन गेला.

शिश्याला अजून 'गाव'च म्हणतात. भोवती फूतिएन या मध्यवर्ती भागातले टॉवर, मध्ये सात-आठ मजली चाळीवजा इमारती, इतक्या चिकटून की समोरच्या खिडकीतल्या माणसाशी हात मिळवावा. त्यांना इथे नावच आहे 'हात मिळवणाऱ्या इमारती'. शेतं शहरात गेली तेव्हा मूळ गावकऱ्यांनी असे मजले चढवले नि घरमालक झाले. हिंजवडीत काय वेगळं झालं?

गल्लीच्या तोंडाशी निळ्या इलेक्ट्रिक टॅक्सींची रांग होती. खाणावळींच्या पाट्यांवरची दोन अक्षरं ड्रायव्हरने बोट ठेवून ओळखायला शिकवली: यौश्येन. हुनान प्रांतातला हा एक तालुका. तिथून कुणीतरी आधी टॅक्सी चालवायला आला, मग त्याचा मेव्हणा, मग मेव्हण्याचा चुलतभाऊ, आणि कित्येक वर्षं शेनझेनच्या टॅक्सी म्हणजे यौश्येनवाले असं समीकरण होऊन बसलं. एकाच गाडीवर दोन गाववाले, एक दिवसा, एक रात्री. पाळी बदलायची ती इथे, म्हणून खाणावळीही इथेच. ॲपवाल्या गाड्यांनी धंदा बसला म्हणून हा कुरकुरत होता, पण भूक लागली की स्टिअरिंग इकडेच वळतं.

ताटलीत आलं शिआंगगान: तपकिरी, चिवट, धुरकट वासाचं टोफू, हिरव्या मिरच्यांत परतलेलं. मिरची मसाला म्हणून नव्हती, भाजी म्हणून होती. "कमी तिखट" असं मी दोनदा सांगितलं होतं. घाम पुसत पुसत सगळं खाल्लं आणि वर भात मागितला.

1980 साली शेनझेन विशेष आर्थिक क्षेत्र झालं तेव्हा इथे तीन-साडेतीन लाख वस्ती असेल. 2020च्या जनगणनेत 1 कोटी 75 लाख. प्रांत ग्वांगदोंग, शेजार हाँगकाँगचा, पण रस्त्यावर कँटोनीज क्वचितच ऐकू येते. हुनानचा ड्रायव्हर, सिचुआनचा गवंडी, हुबेइची हिशेबनीस, सगळ्यांना पुरते ती मँडरिन. धंदे मात्र गावागणिक. लान्झोऊ शहराच्या नावाने नूडल्स ताणणारे बहुतेक छिंगहाई प्रांतातल्या ह्वालोंगचे हुई मुसलमान. हुआचियांगबेईत गाळ्यागाळ्यात पूर्व ग्वांगदोंगमधल्या छाओशानचे व्यापारी: काउंटरवर इलेक्ट्रॉनिक चिप्सची रिळं, शेजारी चहाचा ट्रे. माणसं चार असोत की सहा, इवले कप तीनच. एकाने प्यायला की कप गरम पाण्याने विसळून दुसऱ्याला. दर ठरेपर्यंत माझे नऊ कप झाले. भाव त्याने एका पैशाने खाली आणला नाही, ही गोष्ट वेगळी.

'आलात म्हणजे शेनझेनचेच झालात' ही इथली लाडकी घोषणा. ऐकायला गोड आहे, पण शेनझेनचा हुकौ, म्हणजे इथली सरकारी रहिवासी नोंद, बहुतेकांकडे नाही, आणि मुलाच्या शाळेची वेळ आली की घोषणा नाही, कागद बघतात. चिनी नववर्षाला सगळे आपापल्या गावी जातात, शहर ओस पडतं. गणपतीत आमच्या चाळीत उरायची तेवढीच माणसं उरतात म्हणे.

गाववाल्याला ते 'लाओशिआंग' म्हणतात. जेवताना ड्रायव्हरने मला विचारलं, कुठला? मी म्हटलं मुंबई. त्याने मान हलवली. हे नाही, मूळ गाव? आमचं राजापूर, मी मोबाइलमध्ये तसं बोललो. मोबाइलने काय सांगितलं देव जाणे, शेजारच्या टेबलावरचे चौघे वळून बघायला लागले आणि मालकीणबाईंनी माझ्यापुढे आणखी एक वाडगा सूप आणून ठेवलं. त्यातही मिरच्या होत्या.