मुंबई ते लंडन : उड्डाणाचे तास आणि आईच्या गोळ्या

आईला पार्किन्सन्स आहे. सकाळी 6 पासून रात्री 10 पर्यंत दर चार तासांनी तिची गोळी असते आणि ती थोडी जरी लांबली तरी हातपाय जड होऊन तिला उठणेही कठीण जाते. फेब्रुवारीत तिला भावाकडे लंडनला न्यायचे ठरले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की, प्रवासाचे खरे तास काढून आणा, त्यावरून मी गोळ्या बसवून देतो.

तिकिटावर निघण्याची वेळ रात्री 2 ची आणि पोहोचण्याची सकाळी 6.30 ची होती. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावाच्या घड्याळाची छापतात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असल्याने तिथे साडेसहा वाजतात तेव्हा भारतात दुपारचे 12 झालेले असतात. म्हणजे प्रवास दहा तासांचा.

पण हे दहा तास कुठे जातात, हे कळल्याशिवाय मला स्वस्थ बसवेना. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोलावरचे अंतर काढले, ते सुमारे 7,200 किलोमीटर भरले. ताशी 900 किलोमीटरच्या वेगाने ते आठ तासांत कापले जायला हवे. भाच्याच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला, तर तो बलुचिस्तान, इराण, काळा समुद्र आणि युक्रेनवरून गेला, आणि तिथेच बराच उलगडा झाला. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद आहे आणि पाकिस्ताननेही एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानकंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, त्यामुळे विमानाला दोऱ्याच्या रेषेने जाता येत नाही. शिवाय छापील वेळेत धावपट्टीपर्यंत जाणे आणि उतरल्यावर विमान जागेवर लावणे हेही धरलेले असते, आणि उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने जाताना ते समोरून येतात. येताना तेच वारे पाठीशी असतात.

परतीचा हिशेब वेगळाच निघाला. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळे तासभर पुढे करतात, आणि आम्ही येणार होतो एप्रिलमध्ये. त्यामुळे फरक साडेचार तासांचा धरावा लागला. लंडनहून सकाळी 10 ला निघून मुंबईत रात्री 11.30 ला, म्हणजे नऊ तास.

मी कागदावर दोन रकाने आखले, एक भारताच्या वेळेचा आणि एक लंडनच्या. जाताना सकाळी 6 ची व 10 ची गोळी विमानातच येत होती. डॉक्टरांनी त्या भारताच्याच वेळेने ठेवल्या, म्हणजे लंडनच्या घड्याळात रात्री 12.30 आणि पहाटे 4.30 ला, आणि विमानातल्या जेवणापासून त्या दूर ठेवायला बजावले. लंडनची वेळ कधीपासून धरायची, तेही त्यांनी त्याच कागदाच्या कडेला लिहून दिले. विमानात आईचे घड्याळ मी मुद्दाम भारताच्याच वेळेवर ठेवले होते. दोन्ही गोळ्या वेळेवर गेल्या आणि हीथ्रोला ती माझा हात धरून विमानाच्या दारापर्यंत स्वतः चालत आली.